रान जागेवर आहे, मग कर्ब गेला कुठं?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला जो पूर आला, त्यानं करमाळा, माढा, मोहोळपासून खाली दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठची शेतं खरडून नेली. पाणी ओसरल्यावर लोक रानात गेले, तर कित्येकांच्या पायाखाली काळी माती उरलीच नव्हती. दगडगोटे आणि मुरूम तेवढा शिल्लक होता. पंचनामे झाले, सरकारनं खरडलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर केली.

त्या दिवाळीत मी मोहोळ तालुक्यात चुलत्यांकडे गेलो होतो. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांचं रान नदीपासून लांब, माळाच्या कडेला आहे, त्यामुळे पुरात काही गेलं नाही. पण त्यांच्या हातात माती परीक्षणाचा नवा कागद होता आणि त्यावर लिहिलं होतं: सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, 'कमी'. ट्रंकेतून त्यांनी १९९६ सालचा पिवळा पडलेला कागदही काढून ठेवला होता. त्यावर ०.६१ होतं.

"पुरानं नेलं नाही, कुणी खणून नेलं नाही. रान हाय तिथंच हाय. मग हे गेलं कुठं?"

हा लेख म्हणजे आप्पांच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. मधे मधे त्यांनी घेतलेल्या हरकतीही आहेत, कारण त्या हरकती तुमच्याही असतील.

## कागदावरचा कर्ब म्हणजे नक्की काय

कर्ब म्हणजे कार्बन. पान हवेतून तो घेतं आणि त्यापासून ताट, मूळ, दाणा बनवतं. पीक निघालं की मुळं, धसकटं, गळलेला पाला मातीत पडतो आणि मातीतले जिवाणू तो खातात. खाल्लेल्यातला बराचसा भाग ते श्वासातून परत हवेत सोडतात, जसा आपण सोडतो. उरलेला थोडासा भाग, आणि मेलेल्या जिवाणूंची शरीरं, मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतात. हा चिकटून राहिलेला ऐवज म्हणजे सेंद्रिय पदार्थ. प्रयोगशाळेत त्यातला फक्त कार्बन मोजतात, म्हणून कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असं येतं. त्याला साधारण १.७ नं गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज मिळतो.

इथं आप्पांनी पहिली हरकत घेतली. "एवढी काळीकुट्ट जमीन, आन् कर्ब कमी?"

हा गैरसमज आपल्या भागात फार खोल रुजलेला आहे. आपली माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली, चिकणमातीनं भरलेली. तिचा काळेपणा त्या पाषाणातल्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांमुळे आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या अगदी थोड्या सेंद्रिय पदार्थामुळे येतो. थोडक्या शाईनं सगळं कापड रंगावं, तसं ते आहे. त्यामुळे माती काळी असूनही कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असू शकतो आणि सोलापुरात तो बहुतेक ठिकाणी तसाच असतो. देशात सर्वसाधारणपणे अर्ध्या टक्क्याखाली 'कमी', ०.७५ च्या वर 'भरपूर' असं धरतात.

दुसरा घोळ चुनखडीचा. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि चुनखडीतही कार्बन असतोच. पण तो दगडातला कार्बन. त्यावर जिवाणू जगत नाहीत आणि त्यातून पिकाला नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळत नाही. कागदावरच्या आकड्यात तो धरलेला नसतो.

## कर्बाबरोबर नत्र का जातं

सोलापूरच्या माणसाला ताणा-बाणा सांगायला लागत नाही. चादरीचे उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. एकच धागा ओढून काढता येत नाही, ओढला की वीण उसवते. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात कर्ब हा ताणा आणि नत्र हा बाणा. साधारण १० ते १२ भाग कर्बामागे एक भाग नत्र, हे प्रमाण जगभरच्या शेतजमिनींत फारसं हलत नाही. म्हणून कर्ब कमी झाला की तितक्या प्रमाणात नत्रही गेलेलं असतं.

आता आप्पांच्या एका एकराचा हिशोब करू. वरच्या सहा इंचांतली माती साधारण आठ लाख किलो भरते. ०.३८ टक्के म्हणजे सुमारे तीन टन कर्ब आणि त्याच्याबरोबर अडीचशे ते तीनशे किलो नत्र. एवढं नत्र रानात असून पिकाला मिळतं त्यातलं दरवर्षी जेमतेम दोन-तीन टक्के, म्हणजे सहा-आठ किलो, कारण बाकीचं अजून विणलेलं असतं. जिवाणू उसवतील तेवढंच सुटतं.

आणि ०.६१ वरून ०.३८ म्हणजे काय? एकरी सुमारे १,८०० किलो कर्ब गेला, आणि त्याच्याबरोबर दीडशे किलोच्या पुढे नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे एका एकरातून आठ गोण्या नत्र निघून गेलं.

एक गोष्ट मात्र मी आप्पांना तेव्हाच सांगितली. हे दोन कागद वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे, आणि माती रानाच्या कुठल्या भागातून घेतली हे १९९६ च्या कागदावर लिहिलेलंच नाही. त्यामुळे नेमका आकडा छातीठोकपणे सांगता येणार नाही. दिशा मात्र ओळखीची आहे.

## उजनीसारखा साठा

आपल्याकडे सकाळचा पेपर उघडला की लोक आधी उजनीचा टक्का बघतात. प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये? दौंडवरून किती क्युसेक येतंय? धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला साधारण ६३ टीएमसी मृतसाठा. बाकीचा उपयुक्त.

मातीचंही तसंच आहे. कर्बाचा एक भाग चिकणमातीच्या आत, घट्ट ढेकळांच्या पोटात दडलेला असतो. जिवाणू तिथवर पोचत नाहीत. तो शेकडो वर्षं टिकतो. हा मृतसाठा. दुसरा भाग गेल्या काही वर्षांतल्या मुळ्यांचा, पाल्याचा, शेणखताचा. तो सतत खाल्ला जातो आणि त्यातूनच पिकाला नत्र मिळतं. हा उपयुक्त साठा.

धरणाची पातळी ठरते आवक आणि जावक यांच्या मेळावर. कर्बाची पातळीही तशीच ठरते. यात एक बारकावा आहे जो सहसा कुणी सांगत नाही: जावक साठ्याच्या प्रमाणात असते. साठा जास्त असेल तर जिवाणूंचं खाणंही जास्त. म्हणून एकच पद्धत वीस-तीस-पन्नास वर्षं चालू ठेवली की पातळी एका ठिकाणी येऊन थांबते. ती पातळी तुमच्या पद्धतीची. जमीन मुद्दाम खराब केलेली नसते. आवक कमी राहिलेली असते, एवढंच, आणि ती कमी राहून आता बरीच वर्षं झालेली असतात.

## जावक: रान श्वास टाकतं तेव्हा

मृगाच्या पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो, तो जिवाणूंनी तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो. उन्हाळाभर निपचित पडलेले जिवाणू त्या पावसानं जागे होतात, भुकेनं खायला लागतात आणि काही दिवसांत भसाभसा कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याच वेळी मातीतलं नत्रही सुटतं, नायट्रेटच्या रूपात. नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळणारं, पिकाला लगेच घेता येणारं नत्र.

आता आपली रब्बीची रीत आठवा. ज्वारी पेरायची उत्तरा-हस्तात, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जूनपासून तोवर रान उघडं. तण येऊ नये म्हणून कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या. म्हणजे तीन-साडेतीन महिने माती ओली, उबदार, मोकळी आणि वर एकही पीक नाही. पंगत वाढलेली आहे आणि जेवायला कुणी नाही. ते नायट्रेट मोठ्या पावसात खाली झिरपतं, किंवा रानात पाणी साचलं तर तिथले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. त्यातला एक वायू, नायट्रस ऑक्साइड, हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी आहे.

ही रीत वेडेपणाची आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आपला पाऊस बेभरवशाचा, बराचसा सप्टेंबरात पडणारा. खरिपात रान रिकामं ठेवून ओल साठवायची आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकवायची, या अकलेवर मंगळवेढ्यानं पिढ्यान्‌पिढ्या कोठारं भरली. पण त्या ओलीची किंमत कर्बानं मोजली गेली, हेही तितकंच खरं.

मग धूप. एका एकरावरून एक मिलिमीटर माती वाहून गेली तर ती पाच टनांच्या पुढे भरते. एक मिलिमीटर डोळ्याला कळतही नाही. त्यात साधारण वीस किलो कर्ब आणि दोन किलो नत्र असतं, खरं तर जास्तच, कारण पाणी आधी वरचा हलका, सकस थर उचलतं. सीनेच्या पुरानं ज्यांची सहा इंच माती नेली, त्यांचा एकरी तीन टन कर्ब एका रात्रीत गेला. आप्पांचा एक टन आठशे किलो गेला, पण वर्षाला साठेक किलोच्या हिशोबानं, तीस वर्षांत.

धसकटं वेचून बांधावर जाळणं, उसाचं पाचट पेटवणं, यात फार समजावण्यासारखं काही नाही. जाळलं की कर्ब जवळजवळ सगळा आणि नत्र बहुतांश हवेत जातं. राखेत पालाश (पोटॅश), थोडं स्फुरद (फॉस्फरस) उरतं. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं आणि इतके साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात हा ऐवज छोटा नाही.

सगळ्यात गुपचूप होणारी जावक कडब्याची. ज्वारीचा दाणा माणसानं खाल्ला, कडबा जनावरानं. पूर्वी जनावर दारात होतं, शेण उकिरड्यावरून परत रानात यायचं. आता कडबा पेंढ्या बांधून विकला जातो, दावणीची जनावरं कमी झाली, उरलेल्या शेणाच्या काही घरांत गोवऱ्या होतात. वर्षाचा फेरा अर्ध्यावर तुटला. मला विचाराल तर नांगर, युरिया, ट्रॅक्टर या सगळ्यांपेक्षा हे तुटणं मोठं आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

## "तुझा आजा बी नांगरतच हुता की"

आप्पांची दुसरी हरकत. उत्तर त्यांच्याच आठवणीत होतं. त्यांचे वडील भारी रान दरवर्षी नांगरत नव्हते. बैलाचा लोखंडी नांगर चार-सहा वर्षांतून एकदा, हरळी-कुंद्याचं तण माजलं की. एरवी कुळव. भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून मिटते. जुनी माणसं म्हणायची की ही जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते, आणि त्यात तथ्य आहे.

ट्रॅक्टर आला आणि दरवर्षी, कधी दोनदा, खोल नांगरट सुरू झाली. नांगर ढेकळांचं पोट फोडतो. आत दडलेला कर्ब उघडा पडतो, हवा लागते आणि जिवाणूंना ताट मिळतं. माती जितकी उष्ण तितकं हे खाणं वेगानं होतं. साधारण दहा अंश तापमान वाढलं की वेग दुप्पट, असा ढोबळ हिशोब आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते काय होत असेल, सांगायला नको.

पण उलट्या बाजूनंही सावध राहायला हवं. 'नांगर सोडा, कर्ब वाढेल' असं सरसकट सांगितलं जातं. जगभर झालेल्या मोजण्यांतून असं दिसतं की नुसती नांगरट बंद केली तर कर्ब बऱ्याचदा वरच्या दोन-चार इंचांत गोळा होतो आणि खालच्या थरात कमी होतो. एकूण वाढ लहान असते. आवक वाढवल्याशिवाय नुसता दरवाजा बंद करून धरण भरत नाही.

## हे माहीत कसं झालं: शंभर-दीडशे वर्षांचे प्रयोग

कर्ब वर्षाला इतका हळू हलतो की तीन-चार वर्षांत काही कळत नाही. त्यासाठी एकाच रानात एकच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालवावी लागते. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड इथं १८४३ पासून गव्हाचा असा प्रयोग चालू आहे. ज्या पट्ट्याला कधीच खत दिलं नाही, तिथला कर्ब खाली जाऊन एका पातळीवर थांबला. ज्या पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळालं, तिथला कर्ब त्याच्या दुपटीच्या पुढे गेला आणि मग त्याचीही वाढ मंदावत गेली. आवक-जावकेचा मेळ बसला.

तिथंच जवच्या रानात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि थांबवलं. त्या पट्ट्यात शंभराहून जास्त वर्षांनीही कधीच खत न दिलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त कर्ब सापडला. मला हा आकडा नेहमी हलवून सोडतो. खत टाकणारी माणसं गेली, त्यांची नातवंडंही गेली आणि मातीला मात्र ते शेणखत अजून आठवत होतं. याच्या उलट, तिथल्याच एका गवताळ रानाचा तुकडा १९५९ पासून नांगरून उघडा ठेवला. पिकाविना, आवकेविना. पन्नासेक वर्षांत त्यातला निम्म्याहून जास्त कर्ब गेला. आपलं खरिपातलं उघडं रान वर्षातून काही महिने तेच करत असतं.

"ती थंड हवेची जमीन. आपली तापलेली," आप्पा म्हणाले. बरोबर आहे, म्हणून आपल्याकडचे प्रयोग बघायला हवेत. कोईमतूरला १९०९ पासून असा कायमस्वरूपी खतांचा प्रयोग चालू आहे. १९७० मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं देशात ठिकठिकाणी दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. निष्कर्षाचा गाभा सगळीकडे एकसारखा: नुसतं नत्र देत राहिलं तर काही वर्षांनी उत्पादन घसरतं आणि शेणखताबरोबर संतुलित खत दिलं तर उत्पादनही टिकतं, कर्बही.

आणि अगदी आपल्या दाराशी, सोलापुरात, १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इथल्या केंद्रावर १९८० च्या दशकापासून रब्बी ज्वारीला नत्र वेगवेगळ्या वाटांनी देऊन पाहिलं गेलं: नुसता युरिया, शेणखत, ज्वारीचे अवशेष, सुबाभळीचा कोवळा पाला, आणि यांच्या जोड्या. हेक्टरी ५० किलो नत्रापैकी निम्मं सुबाभळीच्या पाल्यातून आणि निम्मं युरियातून दिलं, तेव्हा धान्यही चांगलं आलं आणि मातीतला कर्बही नुसत्या युरियाच्या पट्ट्यापेक्षा वरचढ राहिला. हे आपल्या मातीचं, आपल्या पावसाचं, आपल्या ज्वारीचं उत्तर आहे. त्याची चर्चा गावात व्हायला हवी तेवढी होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

## मग युरियानं जमीन मेली का?

सभांमधून असं ठासून सांगितलं जातं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. युरियानं पीक जोमदार आलं तर मुळंही जास्त येतात, आणि मुळांचा कर्ब मातीत पाल्यापेक्षा चांगला टिकतो. ज्या रानात काहीच दिलं जात नाही त्यापेक्षा संतुलित खत मिळालेल्या रानात कर्ब थोडा जास्तच सापडतो, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं. दुसऱ्या बाजूला, जास्तीचं नत्र जिवाणूंची भूक चाळवून जुना कर्बही खर्ची पाडतं, असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्याकडेही मोजमापं आहेत. वाद मिटलेला नाही.

युरियाचा खरा दोष वेगळा. त्यात कर्बाची आवक जवळजवळ नाही. त्यानं शेणखताची गरज भागल्यासारखी वाटते, म्हणून फेरा तुटलेला जाणवत नाही. कर्ज काढून घरखर्च चालावा आणि पगार थांबल्याचं लक्षातच येऊ नये, तसं.

शिवाय आपल्या मातीचा सामू (पीएच) आठच्या वर. अशा चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता फेकला तर त्याचा अमोनिया होऊन उडतो, ओल थोडी आणि ऊन जास्त असेल तर लवकरच. रानातून उडून जाणारा तो अमोनिया म्हणजे पैसेच. त्यावर उपाय आपल्याकडं आधीपासून आहे: पेरणीची दोन चाड्याची पाभर. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खत ओलीत मातीआड. पाभरीसारखी साधी गोष्ट, पण नत्र वाचवण्यात हिचा वाटा मोठा.

## "पाचट गाडलं आन् ऊस पिवळा पडला"

ही हरकत आप्पांच्या शेजाऱ्यांची. त्यांनी उजनीच्या कालव्यावरच्या खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात) एक वर्ष पाचट ठेवलं, ऊस पिवळा पडला, पुढच्या वर्षी पुन्हा काडी ओढली. त्यांचा अनुभव खोटा नाही.

परत ताणा-बाणा आठवा. पाचटात किंवा ज्वारीच्या धसकटात एका भाग नत्रामागे ८० ते १०० भाग कर्ब असतो. म्हणजे ताणा भरपूर, बाणा नाही. जिवाणूंना विणायला बाणा लागतो, तो ते मातीतून ओढून घेतात. पीक उपाशी राहतं. काही आठवड्यांनी, महिन्यांनी ते नत्र परत सुटतं, पण तोवर पिकाचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून पाचट सरीत दाबताना थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकतात. जिवाणूंना बाणा बाहेरून दिला की ते पिकाच्या ताटातलं घेत नाहीत. उलट तूर, मूग, चवळी, ताग, सुबाभूळ यांच्या पाल्यात नत्र भरपूर असतं. तो पाला पडला की पिवळेपणा येत नाही, उलट हिरवेपणा येतो. सोलापूरच्या प्रयोगात सुबाभूळ वरचढ ठरली, त्याचं एक कारण हेच.

## कार्बन क्रेडिटवाले आले आहेत, सही करू का?

गेल्या काही वर्षांत गावागावांत अशा बैठका होत आहेत. मोबाइलवर रानाचा नकाशा, करारनामा, पैसे मिळणार अशी आशा. आप्पांनाही असा एक कागद आला होता. हिशोब करून बघू.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. एक टन कर्ब वाढला तर ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी झाला असं धरतात. कोरडवाहू रानात खूप कष्ट घेऊन वर्षाला एकरी १०० किलो कर्ब वाढला, तर एका क्रेडिटच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त झालं. क्रेडिटचा भाव हजार रुपये धरला तरी वर्षाला ३७० रुपये, आणि त्यातून मोजणी, तपासणी, मधल्या संस्थेचा वाटा जायचा. वर अट अशी की तो कर्ब कित्येक वर्षं जमिनीत राहिला पाहिजे.

त्याच १०० किलो कर्बाबरोबर सुमारे नऊ किलो नत्र जमिनीत थांबतं. म्हणजे अर्ध्या गोणीच्या आसपास युरिया. शिवाय माती भुसभुशीत होते, पाऊस मुरतो, आणि ओलीवरच्या ज्वारीला आणखी एखादा आठवडा तग धरता आला तर कणीस भरतं. पैसे तिथं आहेत. क्रेडिट मिळालं तर घ्यावं, मात्र करार किती वर्षांचा, मधे रान विकलं किंवा पीक बदललं तर काय, मोजणी कोण आणि किती खोल करणार, हे मराठीत लिहून मागावं. त्याशिवाय सही करू नये, असं मी आप्पांना सांगितलं.

## आवक वाढवायची कुठून

"शेणखत टाक म्हणशील. हाय कुठं शेण?" आप्पांची ही हरकत सगळ्यात वजनदार.

हिशोब खरंच कठीण आहे. एक टन कुजलेल्या शेणखतात साधारण दीडशे किलो कर्ब असतो. एकरी चार टन टाकलं तर सहाशे किलो. आपल्या उष्ण हवेत त्यातला दहा ते वीस टक्के मातीत टिकेल, म्हणजे साठ ते एकशे वीस किलो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायला आठशे किलो लागतात. सात ते तेरा वर्षं, दरवर्षी न चुकता, आणि तेही जुनी जावक थांबली तर. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या बाटल्या आणि पुड्या बाजारात आहेत. वरचा हिशोब डोळ्यांपुढे ठेवला की त्यांचं काय करायचं ते कळतं.

म्हणून आवक रानातच पिकवावी लागते. पाऊस चांगला सुरू झाला तर ज्वारीच्या रानात खरिपात मूग, उडीद किंवा चवळी घ्यायची, शेंगा तोडून पाला रानातच राहू द्यायचा. मागे राहिलेल्या ओलीवर ज्वारी काढणं भारी रानात शक्य असतं, हलक्या रानात नाही. मुरमाड रानात हा डाव खेळू नये. तिथं तूर बरी, तिचा गळणारा पाला हीच आवक. बांधावर सुबाभूळ, गिरिपुष्प किंवा शेवरी लावून वर्षातून दोनदा छाटायची आणि पाला रानात पसरायचा. मुसळधार पावसात पाणी जागच्या जागी अडावं म्हणून उताराला आडवे सारे, म्हणजे मातीचे छोटे वरंबे, पाडायचे. तलावातला गाळ आणून टाकायचा, कारण तो गाळ म्हणजे वरच्या शेतांमधून वाहून आलेली आपलीच माती.

हे सगळं एकदम जमत नाही. आप्पांनी त्यांच्या सहा एकरांतले दोन एकर निवडले, लिंबाच्या झाडापासून ओढ्यापर्यंतचा पट्टा. धसकटं या वर्षी तिथंच राहतील. बांधावर सुबाभळीच्या बिया टोचल्या आहेत. नांगरट एक वर्षाआड.

फाल्गुनात ज्वारी काढल्यावर, काही खत टाकायच्या आधी, आम्ही दोघांनी त्या पट्ट्यात नागमोडी चालत दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखे सहा इंच खड्डे घेतले, कडेची माती खरवडून एका गोणपाटावर मिसळली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणली. दुसरी अर्धा किलो उरलेल्या चार एकरांतून, तशीच. आप्पांनी बॉलपेननं पिशवीवर गट नंबर आणि तारीख लिहिली. मग थांबले, १९९६ चा कागद आठवला असावा, आणि खाली आणखी एक ओळ घातली: लिंबापासून ओढ्याकडं, चाळीस पावलांवर सुरुवात.